अणुबॉम्बवाहू ‘बी-२९’

हिरोशिमा व नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘बी-२९ सुपरफोर्ट्रेस’ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या युद्धकार्याचा आरंभ भारतभूमीवरून झाला. बोइंग कंपनीच्या या चार इंजिनांच्या विमानाने २१ सप्टेंबर १९४२ रोजी पहिले उड्डाण केले. ५ जून १९४४ रोजी बंगालमधील खरगपूर परिसरातील तळांवरून निघालेल्या या विमानांनी बँकॉकच्या रेल्वे यार्डावर पहिला हल्ला चढविला. हिमालय ओलांडून चीनमार्गे जपान गाठण्यात इंधनाचा अतोनात व्यय होई. त्यामुळे १९४५ मध्ये ही विमाने प्रशांत महासागरातील मारियाना बेटांवर हलविण्यात आली. त्याच द्वीपसमूहातील टिनियन बेटावरून ६ ऑगस्ट १९४५ रोजी निघालेल्या ‘एनोला गे’ या विमानाने हिरोशिमावर युरेनियमचा बॉम्ब टाकला. ९ ऑगस्टला प्लुटोनियमचा बॉम्ब नेणाऱ्या ‘बॉक्सकार’चे मूळ लक्ष्य कोकुरा हे शहर होते, परंतु ते धूसर हवेत दृष्टीस न पडल्याने विमान नागासाकीकडे वळले. कोकुरा वाचले, नागासाकी बेचिराख झाले. १९४५ अखेरपर्यंत दोन्ही शहरांत मिळून सुमारे २ लाख लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. ही दोन्ही विमाने अमेरिकेतील संग्रहालयांत जतन करण्यात आली आहेत.