मावळंकर, गणेश वासुदेव
(२७ नोव्हेंबर १८८८ – २७ फेब्रुवारी १९५६). लोकसभेचे पहिले अध्यक्ष, स्वातंत्र्यसैनिक व वकील. ‘दादासाहेब’ या नावाने सर्वपरिचित. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे येथील, जन्म बडोद्याचा. प्राथमिक शिक्षण राजापूर व इतरत्र. १९०२ मध्ये अहमदाबादला आले आणि पुढे तेच त्यांचे गाव झाले. गुजरात कॉलेजातून बी. ए. (१९०८), मुंबईतून कायद्याची पदवी (१९१२). १९१३ पासून वकिली.

खेडा सत्याग्रहापासून गांधीजी व वल्लभभाई पटेल यांच्याबरोबर राहिले. अनेकदा कारावास भोगला. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपद दोनदा भूषविले.

संसदीय कार्य : १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये राजीनामा दिला, तरी हे पद १९४६ पर्यंत त्यांच्याकडेच होते. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी झालेल्या निवडणुकीत त्यांनी सर कावसजी जहांगीर यांचा ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी पराभव केला. ही सभा स्वातंत्र्याबरोबर संपुष्टात आली. संविधान सभेनेच कायदेमंडळाचेही काम करायचे, तर ते कसे, हा पेच सोडविण्यासाठी ऑगस्ट १९४७ मध्ये नेमलेल्या समितीचे ते प्रमुख होते. घटनानिर्मिती व कायदे करणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत आणि दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र अध्यक्ष असावा, असे समितीने सुचविले. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी ते स्थान त्यांनाच मिळाले. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेत शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनी त्यांची निवड झाली.

आज सवयीच्या वाटणाऱ्या अनेक संसदीय प्रथांना त्यांच्या कारकिर्दीत आकार आला. सभागृहाने स्वतःचे नियम करेपर्यंत जुन्या नियमांत फेरबदल करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ११८(२) ने अध्यक्षांना दिला होता. मावळंकरांनी तो हात आखडता न घेता वापरला. अंदाज समिती (१९५०), कामकाज सल्लागार समिती (१९५२), शासकीय आश्वासन समिती व दुय्यम विधान समिती (१९५३) या त्यांच्याच काळातल्या. यांपैकी आश्वासन समितीचे मोल विशेष मानावे लागते. मंत्र्याने ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणायचे आणि प्रश्न तिथेच विरायचा, या पळवाटेवर सभागृहाची कायमची नजर बसली ती तिच्यामुळे.

ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणाऱ्या तहकुबी प्रस्तावाविषयीचे त्यांचे निर्णय अभ्यासनीय आहेत. परक्या सत्तेला धारेवर धरण्यासाठी हे हत्यार सर्रास वापरले जाई. सरकारच सभागृहाला जबाबदार असताना ते अपवादानेच उचलावे, असे त्यांनी ठरवून दिले. मात्र दार बंद करून ते थांबले नाहीत. अर्ध्या तासाची चर्चा, अल्पकालीन चर्चा असे पर्यायी मार्ग त्यांच्या काळात खुले झाले. विरोधी पक्ष म्हणून मान्यतेसाठी सभागृहाच्या एक-दशांश सदस्यसंख्या हवी, हा दंडकही त्यांचाच. पहिल्या लोकसभेत कोणताही विरोधी पक्ष त्यात बसला नाही. या दंडकाची चर्चा २०१४ नंतरही झाली.

अध्यादेशांबाबत त्यांनी पंतप्रधान नेहरूंना वेळोवेळी पत्रे लिहिली. अधिवेशनाला वेळ नाही म्हणून अध्यादेश काढणे लोकशाहीला पोषक नाही, ही त्यांची भूमिका होती. ज्यांच्याशी स्नेह होता त्यांनाच हे लेखी बजावणे, यात त्यांच्या निःस्पृहतेची खूण दिसते.

अध्यक्षाने पक्ष सोडावा, ही ब्रिटिश प्रथा त्यांनी स्वीकारली नाही. काँग्रेसशी नाते कायम ठेवून सभागृहात निःपक्षपाती राहता येते, असे त्यांचे मत होते. याविषयी मतभेद आहेत. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला. लोकसभाध्यक्षाविरुद्धचा हा पहिलाच. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार पीठासीन होते. ठराव फेटाळला गेला.

नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हटले. नवी दिल्लीतील मावळंकर सभागृह त्यांच्या नावाने ओळखले जाते.

इतर कार्य : कस्तुरबा स्मारक निधी, गांधी स्मारक निधी व गुजरातमधील शिक्षणसंस्था.

कुटुंब : त्यांच्या निधनानंतर पत्नी सुशीलाबाई अहमदाबादेतून लोकसभेवर बिनविरोध निवडून आल्या. पुत्र पुरुषोत्तम मावळंकर हेही लोकसभेचे सदस्य होते.

लेखन : ‘मानवतानां झरणां’ (गुजराती, तुरुंगातील कैद्यांविषयी), ‘संस्मरणो’ (गुजराती), ‘माय लाइफ अ‍ॅट द बार’ (इंग्रजी).