बाहेरून झिजलेलं, आतून नवं

मी जुन्या बाजारात रमणारा माणूस आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून मी पुस्तकं आणली, कंदील आणला, एकदा मनगटी घड्याळही आणलं. त्या घड्याळाच्या पाठीवर कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली होती. विकणाऱ्या पोराला विचारलं, ‘हे कुणाचं रे?’ तो म्हणाला, ‘चाचा, भाव बघा. नाव कशाला बघता?’

त्याचं हे उत्तर मला पुढे अमेरिकेतल्या एका बाजाराविषयी वाचताना आठवलं. तिथे पोलिसांनी वापरलेली पिस्तुलं दुकानात स्वस्तात विकत मिळतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, म्हणून आपल्याला याचं नवल वाटतं. तिथे मात्र हा रुळलेला व्यवहार आहे.

विसाव्या शतकात बराच काळ अमेरिकी पोलिसाच्या कमरेला सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर असे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९९ मध्ये काढलेल्या रिव्हॉल्वरचं नावच ‘मिलिटरी अँड पोलीस’ होतं. एप्रिल १९८६ मध्ये मायामीजवळ दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले आणि रिव्हॉल्वर अपुरं पडतं, ही भावना बळावली. त्याच सुमारास ऑस्ट्रियाची ग्लॉक कंपनी तिथल्या बाजारात उतरली. तिच्या पिस्तुलात सतरा गोळ्या मावत. पोलीस खात्यांकडे पैसा बेताचा. मग आपल्याकडे मिक्सरवाले करतात तसा ‘जुनं द्या, नवं घ्या’ सौदा ठरू लागला. जुनी हत्यारं व्यापाऱ्यांमार्फत दुकानांत आली.

गिऱ्हाइकाला ती पसंत पडण्याचं कारणही आहे. पोलीस हत्यार रोज बाळगतो, पण झाडतो क्वचितच, बहुधा सरावापुरतं. कमरेच्या चामडी पाकिटात घासून वरचा रंग उडतो, आतली नळी मात्र जवळजवळ कोरी राहते. बाहेरून झिजलेलं, आतून नवं आणि नव्यापेक्षा बरंच स्वस्त! व्यवहार म्हणून पाहिलं तर खोट काढायला जागा नाही.

आता एकाच पिस्तुलाचा प्रवास पाहू. वॉशिंग्टन राज्यात कॉस्मोपोलिस नावाचं छोटंसं गाव आहे. नावाचा अर्थ विश्वनगर. तिथल्या पोलिसांनी आपलं एक ग्लॉक पिस्तूल विकलं. न्यायालयात मांडलेल्या हकिगतीनुसार ते आधी पोलीस दलात राखीव म्हणून काम केलेल्या एका माणसाकडे गेलं, त्याच्याकडून एका संग्राहकाकडे आणि शेवटी एका वंशद्वेष्ट्याच्या हातात. हा इसम शिक्षा झालेला गुन्हेगार होता. कायद्याने त्याला पिस्तूल बाळगण्याचीच मनाई होती. १० ऑगस्ट १९९९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याने ज्यूंच्या एका समाजकेंद्रात गोळीबार करून मुलांसह पाच जणांना जखमी केलं. नंतर त्याने या पिस्तुलाने जोसेफ इलेटो या फिलिपिनो वंशाच्या टपालवाल्याला ठार मारलं. इलेटो गोरा नव्हता आणि सरकारी गणवेशात होता, एवढंच त्याला पुरलं.

इलेटोच्या आईने आणि जखमींच्या कुटुंबीयांनी पिस्तूल बनवणाऱ्यांवर दावा लावला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो चालू दिला. पण २००५ मध्ये अमेरिकी संसदेने शस्त्र उत्पादकांना अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा केला आणि २००९ मध्ये त्याच न्यायालयाने ग्लॉकविरुद्धचा दावा निकालात काढला.

हे प्रकरण एकटंदुकटं नव्हतं. २०२४ मध्ये अमेरिकी पत्रकारांनी उघड केलं, की २००६ पासून गुन्ह्यांच्या तपासात सापडलेली ५२ हजारांहून अधिक हत्यारं कधीकाळी पोलिसांची होती. काही पोलीस खाती जुनी हत्यारं नष्ट करतात. पण ती विकली तर नव्यांचा खर्च हलका होतो, हा हिशेब अनेकांना सोडवत नाही. वाचलेले डॉलर खात्याच्या वहीत दिसतात. इलेटोच्या आईचं नुकसान लिहायला त्या वहीत रकाना नाही.

ते घड्याळ अजून माझ्या मनगटावर आहे. ते कुणाचं होतं हे मला कळलं नाही, आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पिस्तुलाचं तसं नाही. आधी ते कुणाचं होतं, हे पोलिसांना पक्कं ठाऊक असतं. पुढे कुणाचं होणार, हा प्रश्न मात्र भाव ठरण्याआधी विचारायला हवा.