शब्दवेध : लायोल
खाद्यपदार्थांच्या कार्यक्रमात देखणा फ्रेंच चाकू निघाला की कुणीतरी ‘लाग्विओल’ म्हणतंच. स्पेलिंगमधला ‘ग’ तिथले लोक मात्र गिळून टाकतात : लायोल.

लायोल हे मुळात दक्षिण फ्रान्सच्या ओब्राक पठारावरचं गाव. त्याचं नाव आलं ऑक्सितान भाषेतल्या ‘ला ग्लेझोला’वरून, म्हणजे छोटंसं चर्च. त्यामागे लॅटिन ‘एक्लेसिया’, त्याही मागे ग्रीक. तिथे अर्थ नुसता ‘सभा’. पोर्तुगीजांच्या तोंडी ‘एक्लेसिया’चं ‘इग्रेजा’ झालं. म्हणजे गोव्यातली इगर्ज आणि हा चाकू चक्क भाऊबंद!

१८२९च्या सुमारास पिएर-जाँ काल्मेल्स यांनी इथे घडीचा चाकू घडवला. १८८०च्या आसपास त्याला बूच काढायचा स्क्रू जोडला गेला. पुढे बहुतेक उत्पादन तिएर शहरात गेलं. १९८७मध्ये ‘फोर्ज द लायोल’नं ते गावात परत आणलं. नाव मात्र निसटलं. १९९३मध्ये एका बाहेरच्या व्यावसायिकानं त्याचा ट्रेडमार्क घेतला. कोर्टकचेऱ्यांना वैतागून २०१२मध्ये गावकऱ्यांनी वेशीवरची पाटीच उतरवली. मला तर हे पटलं.

आज ‘लायोल’ म्हणजे बाकदार मुठीचा, मधमाशीचं चिन्ह असलेला कुठलाही चाकू. मग तो आशियातल्या कारखान्यातला का असेना.