जळवेची पाठ, बेडकाचं हृदय

ओट्टो लोवींचं स्वप्न वैद्यकाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत असतं. रात्री प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत चिठ्ठीवर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तोच विचार पुन्हा आला, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. मी औषधशास्त्र शिकवायचो तेव्हा वर्ग या गोष्टीवर खूश व्हायचा. मला मात्र त्यापुढचं सांगायची घाई असे. चेतापेशी रसायनांतून बोलतात हे सिद्ध करण्याचं खरं श्रेय मी, शरीराबाहेर काढलेला अवयव तासन्‌तास जिवंत ठेवणाऱ्या हातांना देतो.

चेतापेशींमधल्या जोडाला 'सिनॅप्स' हे नाव चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1897 मध्ये दिलं. तिथून संदेश विजेने जातो की रसायनाने, हा वाद पुढे निम्मं शतक चालला. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे लोवींनी बेडकांची दोन हृदयं क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याच्या व्हेगस चेतेला विजेचे झटके दिले, ते मंदावलं. त्यातलं द्रावण दुसऱ्यात घातलं, तर तेही मंदावलं. दुसऱ्याच्या चेतेला कुणी हातही लावला नव्हता. या प्रयोगाचा निबंध 1921 मध्ये छापून आला.

ते द्रावणसुद्धा सहज मिळालेलं नव्हतं. 1880च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर यांचा मदतनीस ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरत होता. हृदय चालतंय ते त्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे, हे रिंगरना त्यातून उमगलं.

लोवींचा प्रयोग अनेकांना जमला नाही, आणि ज्यांना जमला नाही ते अप्रामाणिक होते असं मला मुळीच वाटत नाही. बेडकाची जात, ऋतू, खोलीचं तापमान, सगळ्यांवर निकाल अवलंबून असे. हिवाळ्यातल्या बेडकात व्हेगस चेता हृदय ठळकपणे मंद करते. उन्हाळ्यात तेवढा भरवसा नाही. अखेर 1926 मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत लोवींनी सर्वांदेखत एकाच हृदयावर हा प्रयोग अठरा वेळा करून दाखवला.

खरी अडचण वेगळीच होती. हृदय मंद करणारं ते रसायन, म्हणजे ॲसिटिलकोलीन, कोलिनेस्टरेज हे विकर क्षणार्धात मोडून टाकतं. त्या विकराला थोपवलं इसेरीनने. पश्चिम आफ्रिकेत आरोपीला दिव्य म्हणून खायला घालायच्या कॅलाबारच्या विषारी बीतलं हे द्रव्य. इसेरीन दिलेला जळवेच्या पाठीचा स्नायू ॲसिटिलकोलीनच्या अतिसूक्ष्म अंशानेही आखडतो. विल्हेल्म फेल्डबर्ग हे तंत्र घेऊन 1933 मध्ये लंडनला हेन्री डेल यांच्याकडे आले. ज्यू म्हणून बर्लिनने त्यांना काढून टाकलं होतं. चेतेच्या टोकाशी पाझरणारं ॲसिटिलकोलीन मग डेल यांच्या प्रयोगशाळेत जळवेवर मोजलं जाऊ लागलं. 1936 चं नोबेल लोवी आणि डेल यांना मिळालं. दोन वर्षांनी नाझींनी लोवींना तुरुंगात टाकलं. तिथून त्यांनी आपल्या शेवटच्या प्रयोगाचा निष्कर्ष एका पोस्टकार्डावर लिहून पहारेकऱ्याकरवी नियतकालिकाला धाडला. जीव वाचेल याची खात्री नसताना त्यांना काळजी निष्कर्ष हरवण्याची होती. हा माणूस मला त्या स्वप्नापेक्षा फार मोठा वाटतो.

आमच्या प्रयोगशाळेत हीच विद्या बेडकाच्या पोटाच्या स्नायूवर चाले. ड्रमवरच्या कागदाला काजळी धरायची, स्नायूला तरफ बांधायची, ॲसिटिलकोलीन घालून नव्वद सेकंद थांबायचं. काजळीत पांढरी रेघ चढत जाई. मग इसेरीन घालून तीच मात्रा दिली की रेघ कितीतरी उंच जाई, आणि मागच्या बाकावरची मुलंही पुढे येत. शेवटी कागद राळेच्या द्रावणात बुडवून वाळत टाकायचा. आता ही रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते. बेडूक वाचले हे चांगलंच झालं, पण द्रावण जरा चुकलं की स्नायू मान टाकतो, हे पडद्यावर शिकता येत नाही.

यातलीच काही मुलं पुढे जिल्हा रुग्णालयात गेली. कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी तिथे येतो तेव्हा त्याच्या शरीरात अनेकदा तेच कोलिनेस्टरेज बंद पडलेलं असतं. लाळ गळते, छाती स्रावाने भरते, स्नायू फडफडून लुळे पडतात. ॲट्रोपीन छाती कोरडी करतं, नाडी वर आणतं. लुळ्या स्नायूंवर मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तिथले ग्राही वेगळे. म्हणून छाती साफ झाली तरी श्वासाचे स्नायू थकत नाहीत ना, हे पुढचे काही दिवस पाहत राहावं लागतं आणि कृत्रिम श्वसनाची तयारी ठेवावी लागते.