गव्हाण, गोठा आणि कोप

डिसेंबर आला की शहरांतल्या दुकानांतून नाताळची सजावट टांगलेली दिसते. बहुतेक सगळी प्लास्टिकची. पण या सणाच्या सजावटीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की तिची मुळे कडबा, गवत, काटक्या आणि जनावरांच्या गोठ्यात आहेत. म्हणजे आपल्या ओळखीच्या जगात! म्हणून हा लेख.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. अर्थ जन्म. गोवा आणि वसई या दोन दारांनी तो मराठीत शिरला आणि इतका मुरला की परका वाटतच नाही. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. राज्य गेले, सण राहिला. आजही वसईच्या वाड्यांमधून नाताळात गोठे उभे राहतात. बांबू, लाकडाच्या फळ्या, वर पेंढ्याचे छप्पर, आत बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि गुरे. दारावर कागदाची चांदणी.

गोठा करण्याची ही प्रथा कुठून आली? इटलीत ग्रेचो नावाचे डोंगरातले एक लहानसे गाव आहे. तिथे १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली, तीत गवत घातले, शेजारी जिवंत बैल आणि गाढव बांधले. मूर्ती नाहीत, सोने नाही. देव किती गरिबीत जन्मला हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू. पुढे जिवंत जनावरांच्या जागी लाकडाची आणि मातीची चित्रे आली आणि ती जगभर पसरली. २०२३ मध्ये या गोष्टीला ८०० वर्षे झाली.

एक गंमत सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आहे, पण त्या प्रसंगात बैल आणि गाढव कुठेच नाहीत. ते नंतरच्या परंपरेने आणून बांधले. मला हे फार आवडले. गव्हाण म्हटली की लोकांना तिच्यापुढे जनावर दिसणारच. रिकाम्या दावणीची कल्पना शेतकऱ्याला कशी करवेल?

दारावरच्या चांदणीची गोष्ट तर आम्हा मास्तर लोकांची आहे. युरोपात प्रसिद्ध असलेली अनेक टोकांची मोराव्हियन चांदणी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या मोराव्हियन पंथाच्या शाळांत मुलांना भूमिती शिकवताना तयार झाली. आपल्याकडची चांदणी मात्र बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाची, म्हणजे आपल्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण. दिवाळीत कामट्या तासणारा हात महिना-दीड महिन्याने चांदणीही सहज बांधू शकतो.

जर्मनीतच एर्झगेबिर्गे नावाच्या डोंगराळ भागात खाणींतली चांदी-कथील सरत आले तेव्हा खाणकामगार लाकूडकामाकडे वळले. आज तिथली नाताळची लाकडी खेळणी जगभर जातात. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी आठवतात ना? हातातली कला कधी कधी अशी पोटालाही आधार देते.

आता आपल्या भागाकडे येतो. लातूर, धाराशिव आणि नांदेडकडे मार्गशीर्ष अमावस्येला आपण येळवस, म्हणजे वेळ अमावस्या करतो. ती साधारण नाताळच्या आगेमागेच येते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, आंबील-भज्जीचा नैवेद्य दाखवायचा आणि येईल त्याला जेवू घालायचे. वसईचा गोठा आणि आपली कोप यांचा इतिहास वेगळा, धर्म वेगळा. एकातून दुसरे निघाले असे मुळीच नाही. पण थंडीच्या दिवसांत, पिके उभी असताना, काडीकाटकीचे घर करून देवाला आत बसवायचे हा विचार मात्र जवळचा वाटतो.

२०१९ साली तर नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, येळवस आली. त्या दिवशी सूर्यग्रहणही होते. आणि पंधरा दिवसांनी, जानेवारी २०२० मध्ये, त्या वेळच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. पण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, ते मराठी ओव्यांत होते, हे विरोध करणाऱ्यांना कुणी सांगायला हवे होते. येशूच्या जन्माची कथा आपल्या भाषेत चारशे वर्षांपूर्वीच ओवीबद्ध झाली आहे. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. त्यांचे 'सुबोध बायबल' आपल्याकडे राहिले.

हे सगळे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. मराठी बायबलात 'गव्हाणी' हा शब्द आहे आणि तो समजावून सांगण्याची वेळ आता आपल्याच तालुक्यात येऊ लागली आहे. ट्रॅक्टर आले, बैल गेले, गोठ्याच्या जागी मोटारसायकल उभी राहिली. जू माळ्यावर आणि तिफण भिंतीला. वस्तू गेली की शब्द काही दिवस रेंगाळतो, मग तोही जातो. मग कथा वाचणाऱ्या मुलाला बाळ नेमके कुठे ठेवले हेच कळत नाही.

परदेशात असलेल्या आपल्या पोराबाळांना माझे एक सांगणे आहे. तिकडे शेजारी अंगणात लाकडी ओंडक्यांची हरणे उभी करतात, तुम्हीही हौसेने करता. जरूर करा. पण एखादी फळी उरली तर तिची लहानशी गव्हाण ठोका. चार पाय, दोन तिरक्या बाजू, रंग न लावता तशीच. तीत मूठभर वाळले गवत टाका. कुणी ती नाताळची म्हणेल, कुणी आजोबांच्या गोठ्यातली म्हणेल. दोघांचेही बरोबर असेल. मात्र नातवंडांना तिचे नाव मराठीतच सांगा.