काचेच्या समुद्रातील खडकभिंत: एक कुळकथा

घरगुती प्रवाळटाकी म्हणजे खारे पाणी, प्रखर दिवे आणि सतत फिरता प्रवाह यांच्या आधाराने ज्या काचपेटीत जिवंत प्रवाळ वाढवले जातात ती टाकी. तिच्या मागच्या काचेला लागून रचलेली खडकाची भिंत पाहणाऱ्याला प्रथम रंगमंचावरील पडद्यासारखी वाटते. मासे आणि प्रवाळ ही पात्रे, आणि भिंत त्यांच्यामागचा देखावा. ही समजूत निराधार नाही, कारण या भिंतीचा वंश खरोखरच देखाव्यापासून सुरू होतो. तथापि गेल्या सुमारे साठ वर्षांत तिचे कार्य इतके बदलले आहे, की टाकीतील पाणी जिवंत राहते ते मुख्यतः या भिंतीमुळे, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिचे सर्वांत जुने पूर्वज इटलीतील प्रबोधनकालीन उद्यानांत सापडतात. तेथील श्रीमंत घराण्यांनी आपल्या बागांत कृत्रिम गुहा बांधवून घेतल्या आणि त्यांच्या भिंतींवर सच्छिद्र दगड, शिंपले आणि चुनखडीचे लोंबते थर बसवून, त्यांवरून पाणी ठिबकत ठेवून, समुद्रतळाचा किंवा पाताळाचा आभास निर्माण केला. फ्लॉरेन्समधील बोबोली उद्यानात बेर्नार्दो बुओन्तालेन्ती याने 1583 ते 1593 या काळात पूर्ण केलेली गुहा हे या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. तेथे दगड खरा असला तरी त्याची रचना मानवी होती. दगडच कृत्रिम करण्याची पाळी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आली. जोसेफ ॲस्पडिन याने 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतल्यानंतर पुलहम घराण्याच्या कारागिरांनी विटांचे तुकडे आणि भट्टीतील जळकी खंगरे यांचा गाभा रचून, त्यावर सिमेंटचा जाड लेप चढवून आणि तो ओला असतानाच कोरून वालुकाश्माचे थर, भेगा आणि झिजलेल्या कडा हुबेहूब उठवल्या. बागेतील नेच्यांसाठी तयार झालेले हे तंत्र, म्हणजे स्वस्त गाभा आणि वर खडकाचा भास देणारा लेप, आजही प्रवाळटाकीची भिंत बांधणाऱ्याच्या हाती जवळजवळ त्याच क्रमाने चालते.

काचपेटीची कथा याच सुमारास वेगळ्या वाटेने चालू होती. ॲना थाइन या विदुषीने 1846 मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ लंडनला आणून घरात जिवंत ठेवले. त्यासाठी समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतून त्यात हवा मिसळावी लागे, आणि हे कष्टाचे काम तिची मोलकरीण करी. पुढे 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने वनस्पती आणि प्राणी एकाच भांड्यात परस्परांना पोसू शकतात, हे प्रयोगाने दाखवले. काचेवरील कर 1845 मध्येच उठल्यामुळे मोठ्या काचा मध्यमवर्गाच्या आवाक्यात येत होत्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचा ‘द अक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

गॉसच्या पद्धतीतील एक बारकावा या कुळकथेत फार मोलाचा आहे. समुद्रशैवालाला जमिनीवरील झाडासारखी मुळे नसतात. ते खडकाला बुडाशी घट्ट चिकटलेले असते आणि उपटले तर मरते. म्हणून शैवाल ओढून न काढता, ज्या खडकावर ते वाढले आहे त्याचाच तुकडा हातोडी-छिन्नीने फोडून आणावा, असे गॉस सांगत असे. असा तुकडा टाकीत आला, की त्याच्या छिद्रांतून असंख्य सूक्ष्म जीवही नकळत आत येत. पाणी स्वच्छ राहण्याचे सारे श्रेय त्या काळी हिरव्या वनस्पतीला दिले गेले. दगडाचा त्यात वाटा असू शकेल, हे कळण्याइतके सूक्ष्मजीवशास्त्र तेव्हा पुढे गेलेले नव्हते. या हौसेची किंमतही लवकरच दिसली. हौशी संग्राहकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकाळ डबकी ओरबाडून रिकामी केली, आणि गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात त्या नासाडीबद्दल उघड दुःख व्यक्त केले. शंभर वर्षांनंतर उष्ण कटिबंधातील समुद्रात हीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर होणार होती.

बागेतील गुहा आणि काचपेटी हे दोन प्रवाह सार्वजनिक मत्स्यालयांत एकत्र आले. पॅरिसच्या 1867 च्या जागतिक प्रदर्शनात प्रेक्षक कृत्रिम गुहेत उतरून मासे पाहत, आणि 1869 मध्ये बर्लिनच्या उन्टर डेन लिंडेन या राजमार्गावर आल्फ्रेड ब्रेम याच्या पुढाकाराने उघडलेल्या मत्स्यालयात तर सगळी वास्तूच खडकाळ भुयारांच्या रूपात रचलेली होती. खडकभिंत येथे टाकीच्या आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे पसरली. तिने नळ झाकले, सांधे लपवले आणि अंधाराला खोली दिली. पाण्याच्या आरोग्याशी मात्र तिचा संबंध जोडला गेला नव्हता. हॅम्बर्ग आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयांची आखणी करणाऱ्या विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने पाणी निर्मळ ठेवले ते जमिनीखालच्या काळोख्या, प्रशस्त हौदांतून त्याचे अखंड अभिसरण करून.

दगडाचे खरे कर्तृत्व उलगडण्याची किल्ली मत्स्यालयाबाहेर सापडली. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी 1877 मध्ये वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. काही दिवसांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले, आणि नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. हे काम जिवंत सूक्ष्मजीवांचे आहे, असे त्यावरून सिद्ध झाले. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून निर्माण होणारा अमोनिया विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात, आणि जेथे प्राणवायू जवळजवळ पोचत नाही अशा ठिकाणी राहणारे तिसरे जिवाणू नायट्रेटमधून नत्रवायू मोकळा करतात, जो बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. पहिल्या दोन कामांना वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते आणि तिसऱ्याला दगडाच्या पोटातील कोंदट पोकळी लागते. हे दोन्ही एकाच ठिकाणी, काही मिलिमीटरांच्या अंतरावर, सच्छिद्र प्रवाळखडकात मिळते.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हौशी लोकांच्या टाकीतला दगड मेलेलाच राहिला. 1950 आणि 1960 च्या दशकांत तळाच्या वाळूखालून पाणी ओढणाऱ्या गाळण्या रूढ झाल्या आणि शोभेसाठी प्रवाळांचे पांढरे सांगाडे मांडले जाऊ लागले. त्यांवर शैवाल चढले, की ते काढून ब्लीचमध्ये बुडवत आणि पुन्हा शुभ्र करून आत ठेवत. जो दगड पाणी शुद्ध करू शकला असता, त्यालाच दर वेळी निर्जंतुक करण्याची ती रीत होती.

ही दिशा बदलली ती जाकार्तामध्ये. ली चिन एंग या इंडोनेशियातील मत्स्यपालकाने आपली पद्धत 1961 मध्ये एका अमेरिकन मासिकातून जगापुढे मांडली. तो समुद्रातून आणलेले, जिवांनी भरलेले खडक न धुता टाकीत ठेवी, पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडी आणि सूर्यप्रकाशावर भिस्त ठेवी. वाळूची गाळणी त्याने वापरलीच नाही. या खडकाला पुढे ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे जिवंत खडक हे नाव पडले. खडक स्वतः प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. जिवंत असते ती त्याच्या पृष्ठावरील आणि छिद्रांतील वस्ती. पाश्चात्त्य देशांतील लोकांनी लीचे म्हणणे लगेच उचलले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्याला भक्कम रूप आले ते पश्चिम बर्लिनमधील हौशी मंडळींच्या हातून, 1970 च्या दशकात. त्यांनी जिवंत खडक मागच्या काचेला टेकवून पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत रचला, वरून तीव्र दिवे लावले आणि जोडीला ‘प्रोटीन स्किमर’ हे उपकरण बसवले, जे पाण्यात बारीक फेस करून त्याला चिकटलेली सेंद्रिय घाण फेसासकट बाहेर काढते. स्विस अभ्यासक पीटर विल्केन्स याने याच परंपरेत चुन्याची निवळी टाकीत थेंबाथेंबाने सोडण्याचा पाठ घालून दिला, कारण दगडी प्रवाळांना सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियमचा सतत पुरवठा लागतो. आज ‘रीफ टाकी’ म्हटले की जी उतरती, गच्च भिंत डोळ्यांपुढे येते, ती या बर्लिन पद्धतीची देणगी आहे.

भिंतीला मागणी आली तशी समुद्राला तोशीस पडली. फिजी, टोंगा आणि फ्लोरिडा येथून खडक काढला जाऊ लागला. फ्लोरिडाने आपल्या सागरी हद्दीत त्याला 1989 मध्ये बंदी केली, तेथील संघीय हद्दीतील तोडही 1997 पर्यंत संपुष्टात आली, आणि त्याऐवजी भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर चुनखडीचे धोंडे टाकून ते काही वर्षांनी ‘पिकल्यावर’ उचलण्याची शेती सुरू झाली. भारतात 2001 मध्ये खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. म्हणजे त्यांना वाघाइतकेच कडक संरक्षण मिळाले. मालवणच्या सागरी अभयारण्यातील किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळाचा तुकडा उचलून टाकीत ठेवणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो, आणि तसा तो ठरावा हेच योग्य आहे. असा एक हातभर खडक वाढण्यास जितका काळ लागतो, त्यापुढे टाकीची शोभा अगदीच क्षुल्लक आहे.

अशा रीतीने भिंत पुन्हा सिमेंटकडे वळली, परंतु या खेपेस छिद्रांचे महत्त्व ओळखून. एक भाग पोर्टलंड सिमेंटला साधारण तीन ते चार भाग शिंपल्यांचा चुरा किंवा कॅल्शियमयुक्त वाळू आणि त्यात जाडे मीठ असे मिश्रण कमी पाण्यात कालवून ओल्या वाळूच्या साच्यात घालतात. सिमेंट घट्ट झाल्यावर खडक पाण्यात बुडवला, की मीठ विरघळून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या उरतात. खरी कसोटी धीराची असते. ताज्या सिमेंटमधून चुना पाझरतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता किंवा अल्कता मोजणारा आकडा, 12 च्याही वर जाऊ शकतो, तर समुद्राच्या पाण्याचा सामू 8.2 च्या आसपास असतो. त्यामुळे बांधकामावर मारतात तसे पाणी मारण्याचे दिवस संपल्यानंतरही खडक कित्येक आठवडे गोड्या पाण्यात ठेवून ते पाणी वरचेवर बदलावे लागते. विल्केन्सने थेंबाने मोजून दिलेला चुना तो हाच. मापाबाहेर गेला की तोच घातक होतो.

दुसरा पर्याय पॉलियुरेथेनच्या फेसाचा. दिव्यांखाली लावतात तशा प्लॅस्टिकच्या चौकटजाळीवर फेस फवारून, तो फुगत असताना त्यात खडकाचे तुकडे दाबून बसवतात आणि उरलेल्या जागी राळेवर वाळू चिकटवतात. अशी भिंत हलकी असते आणि हवा तो आकार घेते. पण ती पाण्यावर तरंगू पाहते, म्हणून टाकी भरण्याआधीच सिलिकॉनने काचेला पक्की जोडावी लागते. शिवाय या फेसातील पोकळ्या बंद असल्याने जिवाणूंना आत शिरता येत नाही, आणि त्या दृष्टीने ही भिंत पुलहमच्या बागेतील लेपाकडेच परत जाते: बाहेरून खडक, आतून अक्रिय. तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्याने दाबलेल्या तुकड्यांचे प्रमाण वाढवणे किंवा गाळणीची सोय दुसरीकडे करणे आवश्यक ठरते.

दोन्ही प्रकारांत मागच्या काचेची अडचण सारखीच राहते. भिंत आणि काच यांमधल्या फटीत प्रवाह पोचला नाही, तर गाळ साचून कुजतो आणि त्यातून नायट्रेट व फॉस्फेट पाण्यात उतरत राहतात. म्हणून भिंत एकसंध न बांधता तिच्यात आरपार छिद्रे ठेवून मागून पंपाने पाणी खेळवणे, किंवा खडक काचेपासून दूर, कमानी आणि मोकळ्या चौकटींच्या रूपात उभा करणे, या दोन रीती अलीकडे रूढ झाल्या आहेत. कोणत्याही रीतीने बांधलेल्या नव्या भिंतीत आधीपासून चालू असलेल्या टाकीतील मूठभर वाळू किंवा खडकाचा छोटा तुकडा बीज म्हणून ठेवतात, आणि पाण्यातील अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री होईपर्यंत तिच्यासमोर एकही मासा सोडत नाहीत.