लतीफा, क्वीन

(१८ मार्च १९७०– ). अमेरिकन रॅप-गायिका, अभिनेत्री व चित्रपटनिर्माती. मूळ नाव डेना ओवेन्स. जन्म न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते, तर आई रीटा शिक्षिका. लतीफा हे अरबी नाव तिने बालवयातच धारण केले व गायनाच्या क्षेत्रात येताना त्यास राणीपदाची जोड दिली.

डीजे मार्क द ४५ किंग याच्याभोवती जमलेल्या ‘फ्लेव्हर युनिट’ या तरुण कलावंतांच्या मंडळातून ती पुढे आली. टॉमी बॉय या कंपनीने काढलेला ऑल हेल द क्वीन (१९८९) हा पहिला ध्वनिमुद्रिका-संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. रॅपच्या पुरुषप्रधान दरबारात स्त्रीच्या प्रतिष्ठेचा कैवार तिने त्यात ज्या निःसंकोच अधिकारवाणीने घेतला, तिचीच परिणती पुढे ब्लॅक रेन (१९९३) या संग्रहातील ‘यू.एन.आय.टी.वाय.’ या गीतात झाली, व स्त्रियांची अवहेलना करणाऱ्यांस खडा जाब विचारणाऱ्या या गीतास १९९५ मध्ये ग्रॅमी पारितोषिक लाभले. हा संग्रह तिने १९९२ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात मृत्यू पावलेल्या आपल्या बंधूस अर्पण केला होता.

तिच्या कारकीर्दीचे सूत्र गीतांपेक्षा करारनाम्यांत अधिक स्पष्ट दिसते. अभिनयात नाव होण्यापूर्वीच तिने बालमित्र शकीम कॉम्पेअर याच्यासह ‘फ्लेव्हर युनिट’ या नावाने स्वतःची व्यवस्थापनसंस्था उभारली, आणि नॉटी बाय नेचर या संघासारख्या इतर कलावंतांच्या व्यवहारांची मुखत्यारी पत्करली. दुसऱ्याचे हिशेब सांभाळताना आपल्या कलेच्या उत्पन्नावर हक्क कोणाचा राहतो, हे तिने ऐन तारुण्यातच ओळखले असावे. कारण पुढे हीच संस्था चित्रपट व दूरचित्रवाणी-मालिकांच्या निर्मितीकडे वळली, व लतीफा नुसती वेतन घेणारी नटी न राहता निर्मितीची भागीदार झाली. एका प्रसाधन-कंपनीची जाहिरात आणि दोन कालखंडांत चाललेला गप्पांचा कार्यक्रम हे तिचे अन्य उद्योग होत.

स्पाइक ली याच्या जंगल फीव्हर (१९९१) मधील छोट्या भूमिकेने तिचा चित्रपटप्रवेश झाला. लिव्हिंग सिंगल (१९९३–९८) या मालिकेत ब्रुकलिनमधील एका मासिकाच्या संपादिकेचे काम तिने केले, तर सेट इट ऑफ (१९९६) मध्ये बँका लुटणाऱ्या चौघींपैकी क्लिओ ही तिची भूमिका एवढी उग्र व करुण उतरली, की तिच्यातील अभिनेत्रीविषयी शंकेस जागा उरली नाही. शिकागो (२००२) मधील तुरुंगाच्या लाचखाऊ मेट्रनच्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले; पारितोषिक मात्र त्याच चित्रपटातील कॅथरिन झीटा-जोन्स हिला गेले. त्यानंतरचा ब्रिंगिंग डाउन द हाउस (२००३) तिकिटबारीवर भरघोस यशस्वी झाला, तथापि त्यातील विनोद कृष्णवर्णीयांविषयीच्या रूढ कल्पनांवरच पोसलेला आहे, आणि तिचे नाव कार्यकारी निर्मात्यांतही असल्यामुळे त्याचा सर्व दोष इतरांच्या माथी मारता येत नाही.

ब्लूज-गायिका बेसी स्मिथ हिच्या जीवनावरील बेसी (२०१५) या दूरचित्रपटातील नायिकेच्या भूमिकेत लतीफाचे गुण एकवटले आहेत. तिच्या विशीतील मूळ योजनेपासून हा दूरचित्रपट पडद्यावर येण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. परंतु या विलंबाने हानी न होता लाभच झाला, कारण बेसीचा दिमाख, तिची व्यसने आणि आपल्या मंडळीवर चालणारी तिची हुकमत या साऱ्यांस जी प्रौढ जाण हवी होती, ती विशीतल्या गायिकेपाशी क्वचितच असती. निर्माती या नात्याने लतीफाला या दूरचित्रपटाबद्दल एमी पारितोषिक मिळाले. या भूमिकेतील गायनाची पूर्वतयारी द डेना ओवेन्स अल्बम (२००४) मध्येच झाली होती. जन्मनावाने काढलेल्या या संग्रहात रॅप बाजूस ठेवून ती जॅझ व सोल गायली आहे. पुढे द इक्वलायझर (२०२१–२५) या मालिकेत तिने नायिकेचे काम केले व निर्मितीतही भाग घेतला. २०२३ मध्ये तिला केनेडी सेंटर सन्मान देण्यात आला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री रॅप-कलावंत होय.